मॉन्टेसरी नावाची बाई

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं, की घराघरात चर्चा सुरू होते. यंदा त्याला मॉन्टेसरीत घालायचं की पुढच्या वर्षी? जवळची बरी की लांबची? डबा द्यावा लागतो का? हा शब्द आपण इतका आपलासा करून टाकलाय, की स्टोव्ह, टेबल, बस म्हणावं तितक्या सहज आपण मॉन्टेसरी म्हणतो. गल्लीच्या तोंडावर, तळमजल्याच्या दोन खोल्यांवर, कार्टूनच्या चित्रांच्या मधोमध हे नाव रंगवलेलं असतं. ते एका हाडामांसाच्या बाईचं आडनाव आहे, हे त्या पाटीखालून रोज मुलाचं बोट धरून जाणाऱ्या कितीजणींना ठाऊक असेल?

त्या बाईचं नाव मारिया. ती इटलीची, शिक्षणानं डॉक्टर, आणि लहान मुलांच्या शाळेचं रूप तिनं मुळापासून बदलून टाकलं. एवढं तर कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण तिच्या आयुष्यात एक गोष्ट अशी आहे, की ती कळल्यापासून मला ती पाटी पूर्वीसारखी वाचता येत नाही. म्हणून आज तिची कहाणी.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा. आंकोना शहराजवळच्या किआराव्हाल्ले गावातला. वडील आलेस्सांद्रो सरकारी नोकर, तंबाखूच्या कारखान्याशी संबंधित खात्यात. शिस्तीचे आणि जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे मात्र पुस्तकांत रमणारी. त्या काळी इटलीत तिनांतली दोन माणसं निरक्षर होती आणि बायकांची स्थिती त्याहून वाईट. अशा देशात वाचणारी आई मिळणं, हे मारियाचं पहिलं भाग्य. एकुलती एक लेक. ती पाच वर्षांची असताना वडिलांची बदली रोमला झाली आणि घर राजधानीत आलं.

त्या वेळच्या शाळा कशा होत्या? १८७७ साली इटलीत कायदा झाला, की सहा ते नऊ वर्षांच्या मुलांनी शाळेत गेलंच पाहिजे. पण शाळा म्हणजे ओळीनं मांडलेले जड बाक, समोर गुरुजी, हातात छडी आणि तोंडानं पाठांतर. मुलानं हलू नये, वळू नये, बोलू नये. मुलींनी यातून तगून पुढे शिकायचंच असेल, तर शिक्षिका होण्यापलीकडे वाट नव्हती. मारियाला नेमकं तेच व्हायचं नव्हतं! तेराव्या वर्षी तिनं तांत्रिक शाळेत नाव घातलं. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. गणितात गती होती, आईचा पाठिंबा होता, वडिलांच्या कपाळावर आठ्या होत्या. पुढे तिनं बेत बदलला, पण घरच्यांना दिलासा मिळावा असा नाही. तिला आता डॉक्टर व्हायचं होतं.

१८९० मध्ये ती रोमच्या विद्यापीठात शिरली. आधी दोन वर्षं विज्ञान, मग वैद्यक. वर्गात सगळे पुरुष. प्रेताच्या चिरफाडीचा तास आला, की पंचाईत व्हायची. उघड्या मानवी देहासमोर मुलामुलींनी एकत्र उभं राहायचं नाही, असा तेव्हाचा संकेत. मग मारियानं काय करायचं? सगळे घरी गेले, की संध्याकाळी एकटीनं त्या खोलीत जायचं. दिव्याच्या उजेडात, प्रेतांच्या आणि औषधांच्या त्या वासात. वास सहन व्हावा म्हणून ती सिगारेट ओढायची, असं सांगतात. वडिलांना हे काहीच पसंत नव्हतं. तरी तरुण मुलीनं रस्त्यानं एकटीनं जाणं बरं दिसत नाही, म्हणून तेच तिला विद्यापीठापर्यंत सोडायला जायचे म्हणे. रागही आहे आणि सोबतही आहे. असे वडील आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलेत, नाही का? पुढे लेकीचं नाव वर्तमानपत्रांत यायला लागलं, तेव्हा याच वडिलांनी एकेक कात्रण कापून वहीत जपून ठेवलं.

१८९६ मध्ये ती डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी पहिल्या मोजक्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक. त्याच वर्षी बर्लिनला बायकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे इटलीची प्रतिनिधी म्हणून ती गेली आणि सारख्या कामाला सारखी मजुरी या विषयावर बोलली. वर्तमानपत्रांनी काय छापावं? तिचं रूप, तिचा पोशाख, तिचा आवाज! ती भयंकर वैतागली. मजुरीबद्दल आपण जे म्हणालो, त्याकडे लोकांनी बघावं, एवढीच तिची इच्छा होती.

पुढच्या वर्षी ती रोमच्या मनोविकार रुग्णालयात काम करू लागली. कामाचा भाग म्हणून तिला वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे. तिथे मोठ्या रुग्णांमध्येच लहान मुलंही कोंडलेली असत. ज्यांची बुद्धी कमी आहे असं ठरवून समाजानं बाजूला टाकलेली. एका खोलीत अशी काही मुलं होती. सांभाळणारी बाई त्यांना खादाड म्हणायची, कारण जेवण झाल्यावर ती जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे गोळा करत बसत. मारियानं नीट पाहिलं. मुलं ते तुकडे चुरगाळत होती, त्यांच्याशी खेळत होती. त्या उघड्याबोडक्या खोलीत हाताला चाळा म्हणून दुसरं काही नव्हतंच. भूक हाताची होती, पोटाची नव्हती!

मला वाटतं, तिचं पुढचं सगळं काम या एका क्षणात बीजासारखं दडलेलं आहे. त्या बाईनंही तेच दृश्य रोज पाहिलं होतं. फरक इतकाच, की तिनं पाहण्याआधीच निकाल देऊन टाकला होता.

मारियानं मग इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांची जुनी पुस्तकं शोधून काढली. अशा मुलांना हातांनी, स्पर्शानं, वस्तूंच्या मदतीनं कसं शिकवता येईल, यावर त्यांनी काम केलं होतं. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक संस्था सुरू झाली. तिचे दोन प्रमुख. एक मारिया, दुसरे तिचे सहकारी डॉक्टर जुझेप्पे मोंतेसानो. दिवसभर मुलांबरोबर काम करायचं आणि रात्री टिपणं काढायची, असा तिचा क्रम होता. यातली काही मुलं लिहाय-वाचायला शिकली आणि चारचौघांच्या मुलांसारखी परीक्षा देऊन पास झाली. लोकांनी तोंडात बोटं घातली. मारियाला मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुलं जर इथवर येतात, तर चांगल्या धडधाकट मुलांना आपल्या शाळा इतकं मागे का ठेवतात?

इथपर्यंत कहाणी कशी सरळ, चढत्या पायरीची वाटते. आता ती गोष्ट सांगते.

मारिया आणि जुझेप्पे यांचं एकमेकांवर प्रेम होतं. ३१ मार्च १८९८ रोजी तिला मुलगा झाला. मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. दोन्ही घरांना, विशेषतः आयांना, हे लग्न मान्य नव्हतं, असं सांगितलं जातं. लग्न केलं असतं, तर मारियाचं काम बहुधा तिथेच थांबलं असतं. इटलीच्या तेव्हाच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या पैशाअडक्याच्या व्यवहारालाही नवऱ्याची परवानगी लागायची. आणि लग्नाशिवायचं मूल मांडीवर घेऊन उभी राहिली असती, तर डॉक्टर म्हणून तिला कुणी दारात उभं केलं नसतं. मग व्हायचं तेच झालं. बाळ रोमबाहेरच्या एका खेड्यात दूध पाजणाऱ्या दाईकडे ठेवलं गेलं. गुपित राखायचं ठरलं. दोघांनीही दुसऱ्या कुणाशी लग्न करायचं नाही, असं वचन एकमेकांना दिलं होतं म्हणतात.

१९०१ मध्ये जुझेप्पेनं दुसरीशी लग्न केलं.

मारियानं संस्था सोडली. ज्या कामानं तिचं नाव झालं होतं, ज्या मुलांसाठी तिनं रात्री जागवल्या होत्या, ते सगळं सोडून बाहेर पडली. रोज त्याच माणसाशेजारी कसं उभं राहायचं? एकतीस वर्षांची ही डॉक्टरीणबाई पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून जाऊन बसली. मानववंशशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान शिकायला. आणि अधूनमधून त्या खेड्यात जाऊन आपल्या मुलाला भेटून यायची. मुलाला ठाऊक नव्हतं, ही कोण. खाऊ आणि भेटी घेऊन येणारी एक सुंदर बाई, एवढंच.

मग आलं १९०७ साल. रोममध्ये सान लोरेंझो नावाची वस्ती होती. बांधकामाच्या तेजीत उभ्या राहिलेल्या आणि मंदीत अर्धवट टाकून दिलेल्या इमारती, त्यात दाटीवाटीनं घुसलेली गरीब कुटुंबं. एका कंपनीनं त्या इमारती दुरुस्त करून भाडेकरू ठेवले. आईबाप दिवसभर कामाला. मोठी मुलं शाळेत. मागे राहिलेली तीन ते सहा वर्षांची पोरं जिन्यावरून धावायची, भिंती खरडायची. कंपनीला भिंतींची काळजी! दर वेळी रंग काढण्यापेक्षा पोरांना एका खोलीत गोळा करून कुणीतरी सांभाळलेलं स्वस्त पडेल, असा साधा व्यवहारी हिशेब होता. त्यासाठी त्यांनी मारियाला विचारलं. जगभर गाजलेल्या या शिक्षणपद्धतीचा उगम भिंतीचा रंग वाचवण्यात आहे, याची मला नेहमी गंमत वाटते.

६ जानेवारी १९०७ ला व्हिया देई मार्सी या रस्त्यावर ती खोली उघडली. नाव ठेवलं कासा देई बाम्बिनी, म्हणजे मुलांचं घर. पन्नासेक मुलं. रडवेली, बुजरी, कुपोषित. शिकवायला कुणी पदवीधर शिक्षिका नव्हती, तर त्याच वस्तीतली एक साधी बाई होती. मारियानं तिला फारसं काही सांगितलं नाही. वस्तू कशा वापरायच्या ते दाखव आणि मुलं काय करतात ते मला सांग, इतकंच.

आणि मुलं काय करत होती? ऐका. एक तीन वर्षांची मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या खाचांमध्ये लहानमोठे दट्टे बसवत होती. बसवायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे. मारियानं बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणं म्हणायला लावलं. मुलीनं वर पाहिलं नाही. मारियानं तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. मुलीनं ठोकळा मांडीवर घट्ट धरला आणि काम चालूच. चाळीसहून अधिक वेळा तिनं तेच केलं. मग थांबली, इकडेतिकडे पाहून हसली. दमलेली नव्हती, उलट नुकती झोपून उठल्यासारखी टवटवीत. लहान मुलांचं लक्ष एका जागी ठरत नाही, असं आपण सगळे म्हणतो. तिथे मारियाला कळलं, की ते ठरतं. आपण मध्ये लुडबुडलो नाही तर!

एक दिवस वस्तूंच्या कपाटाला कुलूप लावायचं राहिलं आणि बाईंना यायला उशीर झाला. मुलांनी आपापल्या आवडीची वस्तू काढून कामाला सुरुवातही केली होती. बाईंना ती चोरी वाटली. मारियानं कुलूपच काढून टाकलं, आणि मुलांच्या हाताला पोचतील अशी बुटकी, उघडी कपाटं करून घेतली. टेबलं-खुर्च्या मुलांना उचलता येतील इतक्या हलक्या आणि छोट्या. आज आपल्याला यात काय विशेष, असं वाटतं. पण त्याआधी शाळेतलं बाकसुद्धा मुलाला जागेवरून हलता येऊ नये, अशा बेतानं घडवलेलं असे.

मला सगळ्यात आवडते ती रुमालाची गोष्ट. एकदा मारियानं मुलांना नाक कसं शिंकरायचं ते शिकवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता नाक कसं पुसायचं, सगळं नीट करून दाखवलं. थोडी गंमत म्हणूनच. तिला वाटलं, मुलं हसतील. मुलं हसली नाहीत. गंभीरपणे पाहत राहिली आणि शेवटी चक्क टाळ्या वाजवल्या. ती निघाली तर मागे रांग लागली. मग तिच्या ध्यानात आलं. या मुलांना नाकावरून आयुष्यभर फक्त बोलणी बसली होती. शेंबडं म्हणून हिणवलं होतं, पण शांतपणे, अपमान न करता, कसं करायचं हे कुणी दाखवलंच नव्हतं. आपल्या घरात दिवसातून किती वेळा असं होतं, मोजून पाहा.

त्या वस्तीतल्या आया स्वतः निरक्षर. पण मुलांचा हा पालट बघून त्यांनीच धोशा लावला, की आमच्या पोरांना लिहाय-वाचायला शिकवा. इतक्या लहान मुलांना अक्षरं शिकवावीत, असं मारियाच्या मनात नव्हतं. तरी तिनं पॉलिश पेपरची खरखरीत अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलांनी त्यावरून बोट फिरवायचं आणि त्याचा आवाज तोंडानं काढायचा. काही आठवड्यांनी एका मुलानं खडूनं चित्र काढता काढता अचानक शब्द लिहिला. त्याचा आनंद बघून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. मग काय विचारता! जमीन, दारं, भिंती, सगळीकडे अक्षरं. घरी पावाच्या कवचावरसुद्धा पोरं लिहायला लागली, तेव्हा आयांनी कागद-पेन्सिली आणून दिल्या. चार-पाच वर्षांची मुलं, न रडता, न मारता लिहिती झाली होती.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. युरोपात लहान मुलांच्या शाळा त्याआधीही होत्या. जर्मनीत फ्रोबेलनं किंडरगार्टन सुरू करून तोवर सत्तर वर्षं होत आली होती. पण तिथे खेळ ठरवणारी, गाणी म्हणवून घेणारी बाई मध्यभागी असे. मारियानं बाईंना कडेला बसवलं आणि मूल मध्यभागी आणलं. १९०९ मध्ये तिनं आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. १९१२ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं आणि अमेरिकेत ते हातोहात खपलं. तिनं डॉक्टरकीही सोडली, विद्यापीठातली जागाही सोडली. पोट भरायचं ते शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि पुस्तकांवर.

डिसेंबर १९१२ मध्ये तिची आई गेली. जिनं तिला डॉक्टर केलं, आणि जिच्या धाकानं बाळ दूर ठेवावं लागलं, ती. त्यानंतर काही महिन्यांतच मारिओ तिच्याकडे आला. तो पंधरा वर्षांचा होता, फ्लॉरेन्सजवळ वसतिगृहात राहून शिकत होता. असं सांगतात, की एकदा ती भेटायला आली, तेव्हा तो सरळ तिच्यापाशी गेला, तूच माझी आई आहेस हे मला कळलंय म्हणाला, आणि तिच्याबरोबर निघाला. तो पुढे तिच्यापासून लांब गेला नाही. जगाला मात्र ती तो आपला पुतण्या किंवा दत्तक मुलगा आहे, असं सांगत राहिली. तिचा सचिव, दुभाषा, सहकारी, सगळं तोच. घरात आई, चारचौघांत आणखी काहीतरी. हे नाटक सत्तावीस वर्षं चाललं.

तिच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. आपली साधनं आणि आपलं प्रशिक्षण यावर तिनं फार घट्ट मूठ ठेवली. दुसऱ्या कुणी त्यात बदल केलेला तिला खपत नसे. झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू झालेली पद्धत महागडी होत जाऊन श्रीमंतांच्या मुलांची झाली, त्याला हेही एक कारण. आणि मुसोलिनी! १९२४ पासून जवळजवळ दहा वर्षं तिच्या शाळांना त्या हुकूमशहाचा आश्रय होता, आणि तिनं तो घेतला. मुलाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलणाऱ्या बाईला हे आधी दिसायला हवं होतं. शेवटी फॅसिस्टांना हवे होते हुकूम पाळणारे शिपाई, आणि तिच्या शाळेत घडत होती स्वतः विचार करणारी मुलं. १९३४ मध्ये खटका उडाला आणि इटलीतल्या तिच्या शाळा बंद झाल्या. हिटलरच्या जर्मनीत त्या आधीच बंद झाल्या होत्या. ती बार्सिलोनात राहत होती, तिथे १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं. तिथून इंग्लंड, मग हॉलंड. साठी उलटलेली बाई, एकेक देश मागे टाकत चाललेली.

१९३९ मध्ये ती भारतात आली. मद्रासच्या अड्यारला, थिऑसॉफिकल सोसायटीच्या बोलावण्यावरून. भारत तिला अगदीच परका नव्हता. १९३१ मध्ये लंडनला गांधीजी तिला भेटले होते, तिच्या विद्यार्थ्यांसमोर बोलले होते. अड्यारला पहिल्याच वर्गाला तीनशेवर शिक्षक जमले. ती इटालियनमधून बोलायची आणि शेजारी उभा राहून मारिओ इंग्रजीत सांगायचा. काही महिन्यांसाठी आलेली ती, पण महायुद्धानं वाटा बंद केल्या.

१० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली. भारतात ब्रिटिशांचं राज्य, म्हणजे इटालियन माणूस शत्रू. मारियाला अड्यारच्या आवारातच राहायला सांगितलं गेलं. आणि मारिओला धरून नेलं आपल्या अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत. विचार करा. सत्तरीला टेकलेली बाई, परका देश, भाषा येत नाही, आणि जो तिचा आवाज होता, तो तारेच्या कुंपणाआड. पुन्हा एकदा मूल दूर. या वेळी तर भेटायला जायचीही सोय नव्हती.

३१ ऑगस्ट १९४० ला तिला सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. तुम्हाला वाढदिवसाची भेट काय द्यावी याचा आम्ही विचार केला आणि तुमचा मुलगा परत पाठवणं हीच सर्वांत चांगली भेट ठरेल असं वाटलं, अशा अर्थाची. मुलगा! बेचाळीस वर्षं जो शब्द चारचौघांत उच्चारता आला नव्हता, तो एका परक्या सरकारच्या तारेत लिहून आला होता. त्यानंतर ती आणि तो उघडपणे मायलेक म्हणून वावरले. हे युरोपात घडलं नाही, आपल्या मातीवर घडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

युद्ध संपेपर्यंत ती इथेच होती. कोडाईकनाल, अहमदाबाद, कराची, श्रीनगर. हजाराहून अधिक शिक्षक तिच्या हाताखालून गेले. पण तिच्या विचारांची रुजवात इथे त्याआधीच झाली होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं, आणि तिथे त्यांना येऊन मिळाल्या आपल्या ताराबाई मोडक. ताराबाईंनी मूळ विचार घेतला आणि महाग साधनांचा हट्ट सोडला. बी-बिया, पानं, शंख-शिंपले, मातीची भांडी यांचीच साधनं केली. आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला, अनुताई वाघांना सोबत घेऊन त्या आदिवासी पाड्यांवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ मध्ये केंद्र सरकारनं बालविकासाची योजना आणली, तेव्हा तोच शब्द देशभर गेला. सान लोरेंझोच्या गरीब पोरांसाठी निघालेली गोष्ट फिरत फिरत पुन्हा गरीब पोरांकडे पोचली, ती अशी.

मारिया १९४९ मध्ये भारतातून कायमची परतली. शांततेच्या नोबेलसाठी तिचं नाव तीनदा सुचवलं गेलं, ते मिळालं नाही. ६ मे १९५२ ला हॉलंडमधल्या नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी ती गेली. मृत्युपत्रात सगळं मारिओला दिलं होतं, आणि तिथे त्याचा उल्लेख माझा मुलगा असा होता. पुढची तीस वर्षं, १९८२ मध्ये स्वतः जाईपर्यंत, त्यानं आईचंच काम चालवलं.

तिच्याबद्दल बोलणं निघालं, की कुणीतरी हमखास विचारतं. जिनं स्वतःचं मूल दाईकडे टाकलं, तिनं दुसऱ्यांच्या आयांना काय शिकवावं? हा प्रश्न बायकाच जास्त विचारतात, हे मला टोचतं. मुलांच्या शिक्षणावर युरोपातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या रूसोनं आपली पाच मुलं अनाथालयात दिली होती. लोकांनी त्याला बोल लावले, पण त्याचं पुस्तक कुणी खाली ठेवलं नाही. जुझेप्पे मोंतेसानोही मारिओचा बाप होता. तो संसारही करत राहिला आणि मुलांच्या मनोविकारांचा डॉक्टर म्हणून मानानं कामही करत राहिला. त्याला कुणी विचारलं नाही, की तुझा मुलगा कुठे आहे? काम की मूल, यातलं एक निवड, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते फक्त तिला सांगितलं गेलं.

आज तारेच्या कुंपणासारखे कायदे राहिले नाहीत. पण बाळंतपणाची रजा संपवून कामावर निघालेल्या, पाळणाघराच्या दारात मुलाचा हात सोडवून घेणाऱ्या मुलीला हा प्रश्न अजूनही ऐकावा लागतो. कधी शेजारणीकडून, कधी सासूकडून, बऱ्याचदा स्वतःच्याच मनाकडून. मुलाच्या बापाला तो कुणी विचारत नाही.

१९९० मध्ये इटलीनं हजार लिराच्या नोटेवर मारियाचं चित्र छापलं. २००२ मध्ये युरो आला आणि ती नोट गेली. तोवर बारा वर्षं दूधवाल्यापासून बँकेपर्यंत प्रत्येकाच्या हातातून तिचा चेहरा फिरत होता. पिकलेले केस, शांत डोळे. ज्या देशात तिला आपलं आईपण लपवावं लागलं, त्याच देशाच्या खिशाखिशात.

आता कधी त्या रंगवलेल्या पाटीखालून जाल, तेव्हा आत जरा डोकावून पाहा. मुलं ओळीत हाताची घडी घालून बसली असतील आणि बाई ओरडत असतील, तर पाटीवर नाव काहीही असो, ती मारियाची शाळा नाही. आणि एखादं पोर कोपऱ्यात एकटंच ठोकळे रचताना दिसलं, तर त्याला हाक मारू नका. त्याचं चाललंय ते होऊ द्या.